प्रकरण अभ्यास : टेक्सास टॉवर ४ वर हरवलेला नांगरदोर

पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या आग्नेयेला सुमारे ८५ मैलांवर, उघड्या अटलांटिकमध्ये, १८५ फूट म्हणजे साधारण ५६ मीटर पाण्यात पोलादाचा एक प्रचंड सांगाडा पडलेला आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत बॉम्बर विमानांची चाहूल किनाऱ्यावरच्या रडारपेक्षा आधी लागावी म्हणून अमेरिकी हवाई दलाने समुद्रात रडार मनोरे उभारले. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या फलाटांसारखे दिसायचे म्हणून त्यांना टेक्सास टॉवर म्हणत. पाच ठरले होते, प्रत्यक्षात तीन झाले. चौथ्या क्रमांकाचा मनोरा सगळ्यात खोल पाण्यात होता : तीन पाय आणि त्यांवर त्रिकोणी फलाट. १९५७ साली उभारणी चालू असतानाच पायांना जोडणारे दोन तिरपे आधार समुद्रात गेले आणि त्यांच्या बदली आधार पाणबुड्यांकडून पाण्याखाली बोल्ट लावून बसवून घ्यावे लागले. मनोरा एवढा हलायचा की तिथली माणसं त्याला 'ओल्ड शेकी' म्हणत. सप्टेंबर १९६० मध्ये डॉना चक्रीवादळाने त्याची मोठी मोडतोड केली. दुरुस्त्या चालू असतानाच १५ जानेवारी १९६१ च्या संध्याकाळी हिवाळी वादळात तो कोसळला. वर २८ जण होते. निम्मे हवाई दलाचे, निम्मे दुरुस्तीसाठी आलेले नागरी कामगार. एकही वाचला नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की तिथे उतरणारा प्रत्येकजण हे डोक्यात ठेवूनच उतरतो. आमच्या पाणबुड्यांच्या गटाचे दोन नियम पहिल्यापासून आहेत. आत शिरायचं नाही आणि काहीही उचलून आणायचं नाही. बाहेरून बघायचं आणि छायाचित्रं घ्यायची.

या प्रकरणातल्या दोघांची नावं देत नाही. एकजण पन्नाशीचे, पेशाने अभियंता, बरीच वर्षं न्यू जर्सीत राहणारे. छायाचित्रण हा त्यांचा ध्यास. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दुसरी गटातली वयाने सर्वांत लहान, म्हणून धाकटी. तिने पाण्याखालचा पहिला श्वास तारकर्लीला घेतला आणि इथे आल्यावर खोल पाण्याचं, मिश्रवायूंचं आणि डीकंप्रेशनचं, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून थांबे घेत वर येण्याचं, शिक्षण पूर्ण केलं. दोघांनी या किनाऱ्यावरच्या बुडालेल्या जहाजांवर एकत्र भरपूर डाइव्ह केल्या होत्या. टॉवरवर मात्र जोडीने पहिल्यांदाच उतरत होते. मी त्या दिवशी बोटीवर होतो. पाटी, घड्याळ आणि नोंदी माझ्याकडे होत्या.

ऑगस्टचा महिना, समुद्र शांत. रात्री निघून पहाटे जागेवर पोचलो. पृष्ठभागावर पाणी उबदार होतं, पण या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही तळाशी हिवाळ्याचं थंड पाणी साठून राहतं. ऑगस्टमध्ये अंगाला पाणी न लागू देणारा ड्रायसूट घालून बोटीवर घामाघूम व्हायचं आणि शंभर फुटांखाली बोटं गारठवून घ्यायची, हे इथलं नेहमीचं.

बोटीवरचा मदतनीस सर्वांत आधी एकटा उतरला, नांगराची साखळी मनोऱ्याच्या एका पायाला गुंडाळून पक्की केली आणि खालून थर्मोकोलचा कप सोडला. कप वर तरंगताना दिसला की बोट बांधली गेली असं समजायचं. ही न्यू जर्सीच्या बोटींवरची जुनी रीत. साखळीच्या थोडं वर नांगरदोराला त्याने एक लुकलुकणारा दिवा अडकवला. परत येताना दोर सापडावा म्हणून तो असतो.

योजना

दोघांकडे पाठीवर जुळ्या पोलादी टाक्या, त्यांत १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियमचं मिश्रण. या मिश्रणावर दीडशे-पावणेदोनशे फुटांवरही डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं. नुसत्या हवेवर तिथे नायट्रोजनची गुंगी चांगलीच जाणवते. परतीसाठी दोन बाजूच्या टाक्या : सत्तर फुटांपासून ५० टक्के ऑक्सिजन आणि वीस फुटांवर शुद्ध ऑक्सिजन. तळाचा वेळ २५ मिनिटं. त्यापुढे वर यायला, थांबे घेत, पाऊण तासाच्या आसपास.

काकांना एकच चित्र हवं होतं. वाळूतून तिरपा वर आलेला पाय, त्याच्या कडेला ॲनिमोनींचे, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवांचे, पांढरे गुच्छ, आणि शेजारी हातात दिवा घेतलेला पाणबुड्या, म्हणजे बघणाऱ्याला त्या नळकांड्याचा आकार कळेल. ज्यांनी एवढी मोठी वस्तू पाण्याखाली टिपायचा प्रयत्न केलाय त्यांना यातली अडचण ठाऊक आहे. फ्लॅशचा उजेड फार तर दोन-अडीच मीटर पोचतो. त्यापलीकडे लाल रंग उरतच नाही, आणि मध्ये तरंगणारा प्रत्येक कण ठिपका होऊन चमकतो. म्हणून मोठ्या रचनेची छायाचित्रं नैसर्गिक उजेडात, बहुधा कृष्णधवल घेतात. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, फक्त जवळच्या भागाला रंग द्यायला वापरतात. काकांचा संच दोन स्ट्रोब, लांब दांडे, भिंगापुढचा मोठा डोम आणि वर फोकस लाइट असा होता. जमिनीवर दहा किलोच्या घरात, पाण्यात किंचित जड.

बोटीवर निघायच्या आधी दोघांत एक चर्चा झाली. ती मी ऐकली, आणि सगळं प्रकरण तिथून सुरू होतं असं माझं मत आहे.

"काका, दृश्यमानता कितीही चांगली असू दे, मी रीळ लावणारच," ती म्हणाली. रीळ म्हणजे परतीची वाट सापडावी म्हणून मागे सोडत जायच्या दोराची गुंडाळी.

"लाव की. पण मग दिवा कोण धरणार?"

"दिवा डाव्या हातात धरते. रीळ लॉक करून पट्ट्याच्या डी-रिंगला अडकवते."

दोघांनाही हे पटलं. मलाही त्या क्षणी वावगं वाटलं नाही, कारण प्रत्येक काम स्वतंत्रपणे बघितलं तर सोपं होतं. रीळ लावणं तिच्या हातचा मळ. दिवा धरून चित्रात उभं राहणंही तिने अनेकदा केलेलं.

आणखी एक गोष्ट तिने सोबत घेतली. टाक्यांच्या मागे आडवी बांधलेली घायपाताच्या दोराची गुंडाळी आणि लिफ्ट बॅग, म्हणजे हवा भरली की वर जाणारी पिशवी. इथे तिला जर्सी अपलाइन म्हणतात. नांगरदोर सापडला नाही तर बॅग वर सोडायची, दोराचं खालचं टोक रचनेला बांधायचं आणि त्या दोराला धरून थांबे घेत वर यायचं. नायलॉनऐवजी घायपात अशासाठी की काम झाल्यावर दोर कापून टाकला तर समुद्रात कुजून जातो, पुढच्याच्या गळ्यात अडकत नाही. हल्ली बरेच जण ही गुंडाळी नेत नाहीत. अवजड आहे, आणि छोट्या रिळावरचा सिग्नल फुगा पुरतो असं त्यांना वाटतं.

अडचण

पुढची मिनिटं मी तीन गोष्टी जुळवून मांडतो आहे : दोघांच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या नोंदी, कॅमेऱ्यातल्या प्रत्येक छायाचित्राची वेळ, आणि दोघांना वेगवेगळं बसवून घेतलेली हकिगत.

चौथ्या मिनिटाला दोघं दीडशे फुटांवर, साखळीपाशी. पाणी स्वच्छ, वरून येणारा हिरवट उजेड चांगला. धाकटीने रिळाचा दोर साखळीला बांधला आणि दोघं पायाला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे कोसळलेल्या फलाटाची एक कड तिरपी बाहेर आली होती. काकांना कोन तिथूनच हवा होता : कडेच्या सावलीत आडवं व्हायचं आणि समोर उजेडात उभा पाय.

सहाव्या मिनिटापासून सोळाव्यापर्यंत छायाचित्रं आहेत. सुरुवातीची मोकळी, नंतरची अधिकाधिक नेमकी. काका खुणेने सांगत होते : थोडं वर, थोडं डावीकडे, दिवा पायाकडे वळव. ती ऐकत होती. छान सहकार्य चाललं होतं. तेवढ्यात तीन गोष्टी एकदम घडत होत्या आणि दोघांनाही त्यांचा पत्ता नव्हता.

पहिली गोष्ट, काकांच्या श्वासाचे बुडबुडे वरच्या गंजलेल्या पत्र्यांवर आपटत होते आणि त्यातून गंजाचा चुरा खाली झरत होता. दुसरी, प्रवाह मंदावत होता. एरवी हा चुरा वाहून गेला असता. आता तो तिथेच तरंगत राहिला. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. प्रवाह पडला की बोट वळते. बोट वळली की नांगरदोराचा कल बदलतो, आणि त्याला अडकवलेला दिवाही सरकतो. बोटीवर आम्हाला ते वळणं जाणवलं. खाली तो दिवा हळूहळू मनोऱ्याच्या पायाआड गेला.

सोळाव्या मिनिटाला धाकटीने परतीची खूण केली, रीळ हातात घेतलं आणि गुंडाळायला लागली. दोर सैल आला. आणखी गुंडाळला, आणखी सैल. मग टोकच हातात आलं, चिंध्या झालेलं.

तिने टोक काकांच्या मुखवट्यासमोर धरलं. काका सांगतात की ते बघून आपण सर्वांत आधी कॅमेरा बंद केला. नोंदीही तेच दाखवतात. सोळाव्या मिनिटानंतर एकही छायाचित्र नाही.

समोरचे पर्याय

दीडशे फुटांवर पर्यायांची चर्चा होत नाही. तिथे आधी ठरवलेलं तेवढंच उपयोगी पडतं. त्यांचं एक आधीच ठरलेलं होतं : दोर सापडेना तर शोध तीन मिनिटं, चौथं नाही. त्या तीन मिनिटांत ते पायाच्या कडेने मागे सरकले, पण गढूळ पाण्यात पाय आणि त्याचा पडलेला आधार यांत त्यांची गफलत झाली आणि ते पुन्हा फलाटाच्या कडेपाशी आले. दिवा दिसला नाही. एकोणिसावं मिनिट.

इथे काकांनी एक सुचवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट आपटून ते म्हणत होते की पहिली छायाचित्रं साखळीपासून निघतानाची आहेत, ती बघू, त्यात साखळी कुठल्या आधाराला आहे ते कळेल. कल्पना वाईट नाही. नंतर आम्ही ती छायाचित्रं बघितली तेव्हा पहिल्याच दोन चित्रांत साखळीच्या मागे लोंबणारं एक जुनं मासेमारीचं जाळं स्पष्ट दिसलं. ते ओळखीची खूण म्हणून चाललंही असतं. पण एकोणिसाव्या मिनिटाला, गारठलेल्या बोटांनी, हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, बटणांवरून मागे मागे जात चित्र शोधायचं, ते समजून घ्यायचं, आणि त्यावर भरवसा ठेवून गढूळ पाण्यात पुन्हा निघायचं, यात चार-पाच मिनिटं सहज गेली असती. त्या खोलीवरच्या प्रत्येक मिनिटाची किंमत वरच्या थांब्यांमध्ये मोजावी लागते, आणि टाकीतल्या वायूतही.

धाकटीने दिवा आडवा हलवला. नाही. आणि अंगठा वर केला, म्हणजे डाइव्ह संपली, वर जायचं. आमच्याकडे अंगठा कुणीही, कुठल्याही कारणाने दाखवावा, आणि समोरच्याने वाद घालायचा नाही. काकांनी घातला नाही.

उरले दोन मार्ग. एक, छोट्या रिळावर सिग्नल फुगा सोडून मोकळ्या पाण्यात वाहत वर जायचं. यात वेळ कमी लागतो, हातांची कामं कमी असतात. पण उघड्या समुद्रात एका नॉटचा प्रवाह जरी असला तरी पाऊण तासाच्या थांब्यांत माणूस जवळजवळ दीड किलोमीटर वाहून जातो. त्या वेळी आमच्या गटातले हे दोघंच खाली होते, त्यामुळे बोट नांगरदोर सोडून त्यांच्या मागे जाऊ शकली असती. म्हणजे हा मार्ग जिवावरचा नव्हता. मात्र लाटांमध्ये एक फुगा नजरेआड झाला तर काय, हा प्रश्न ८५ मैलांवर फार मोठा होतो.

दुसरा मार्ग अपलाइनचा. मेहनत जास्त, गुंत्याचा धोका जास्त. पण दोर रचनेला बांधलेला, म्हणजे वाहून जाणं नाही. बोटही त्याच रचनेला बांधलेली असल्याने दोर वर येणार तो बोटीच्या आसपासच.

तिने अपलाइन निवडली. एकोणिसाव्या मिनिटाला निवडली म्हणून ती निवड शक्य होती. ठरलेल्या २५ मिनिटांतली सहा अजून हातात होती, आणि टाक्यांत दोघांकडेही ठरवल्यापेक्षा जास्त वायू होता.

केलेली कृती

गुंडाळी बाहेर काढून तिने बॅग उलगडली आणि श्वासाच्या बुडबुड्यांनी थोडी भरली. दीडशे फुटांवर थोडीच भरायची, कारण पृष्ठभागापर्यंत जाताना आतली हवा साडेपाच पट फुगते. गुंडाळीच्या दांडीला दोन्ही बाजूंनी धरून तिने बॅग सोडली. दोर सरसरत निघाला.

घायपाताचा दोर ताठ असतो. वेटोळं सुटताना तो हवा तसा सरळ पडत नाही. एक वेढा काकांच्या स्ट्रोबच्या दांड्यावरच्या क्लॅम्पमध्ये अडकला. कॅमेरा त्यांच्या छातीवरच्या डी-रिंगला अडकवलेला होता. बॅगेने कॅमेरा ओढला आणि कॅमेऱ्याने काकांना. कॉम्प्युटरच्या आलेखावर तिथे एक छोटा चढ दिसतो, सात-आठ फुटांचा. धाकटीने गुंडाळी लगेच सोडून दिली. ती स्वतःच्या अंगाला कधीच अडकवायची नसते, आणि तिने अडकवली नव्हती.

ताणाखाली आलेला बोल्ट-स्नॅप, म्हणजे वस्तू कडीला अडकवायचा आकडा, उघडत नाही. काकांनी दोनदा प्रयत्न केला. पण हा स्नॅप कॅमेऱ्याला धातूच्या कडीने न जोडता बारीक दोरीच्या गाठीने जोडलेला होता. वस्तू अंगावर अडकवताना धातूला धातू लावायचा नाही, कापता येईल अशी दोरी मध्ये हवी, हे पहिल्या धड्यात शिकवतात आणि पुढे बहुतेकजण विसरतात. धाकटीने मनगटावरच्या कटरने ती दोरी कापली. काका सुटले. ताण गेल्यावर वेढाही क्लॅम्पमधून निसटला आणि कॅमेरा खाली वाळूकडे गेला.

फोकस लाइट चालू होता. दोघांनाही खाली उजेडाचा ठिपका दिसत होता, पस्तीस फुटांवर. पाणी त्या बाजूला स्वच्छ होतं.

काकांशी मी या क्षणाबद्दल बराच वेळ बोललो. ते सांगतात की खाली जायला एक मिनिटही लागलं नसतं आणि कॅमेरा डोळ्यासमोर होता. वर्षानुवर्षं जमवलेला संच, आणि त्यात ते चित्र. ते म्हणाले, "मी तिच्याकडे पाहिलं. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. दोर खेचून घेऊन ती गाठ मारायला लागली होती. मग मी जाऊन गुंडाळी धरली." माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे, आणि तो पन्नाशीच्या अनुभवी माणसाने आपल्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान जोडीदाराकडे बघून घेतला.

तिने दोर ताणून फलाटाच्या कडेला न बांधता जाड नळकांड्याला दोन वेढे देऊन बांधला. तुटलेल्या टोकाचं कारण तिला तोवर माहीत नव्हतं, पण धारदार पत्रा टाळायचा एवढं तिने केलं. चोविसाव्या मिनिटाला दोघांनी तळ सोडला. ठरलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी. त्यामुळे थांब्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं राहिलं.

बोटीवर काय चाललं होतं तेही सांगतो. बॅग वर आली ती डाव्या बाजूला, बोटीच्या दोन लांबींवर. तिच्यावर धाकटीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. कॅप्टनने वेळ नोंदवली आणि बोट बांधलेलीच ठेवली, कारण बॅग जागेवर स्थिर होती, म्हणजे दोर खाली बांधलेला आहे. आमच्या दुसऱ्या जोडीतला एकजण तयार होताच. जादा ऑक्सिजनची टाकी घेऊन तो दोराने खाली गेला आणि सत्तर फुटांच्या थांब्यावर त्याला दोघं भेटले. दोघांचीही खूण ठीक. तिने पाटीवर लिहिलं, "कॅमेरा खाली. आम्ही ठीक." त्या क्रमाने लिहिल्याबद्दल आम्ही तिला अजून बोलतो.

निष्पत्ती

सगळे थांबे पूर्ण करून दोघं वर आले. तासभर त्यांना बसवून ठेवलं, पाणी दिलं, लक्षणांवर नजर ठेवली. कुणालाही काही झालं नाही.

दुपारी दुसरी जोडी नांगरदोराने उतरली. साखळीपाशी पोचल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं तर अपलाइनची गाठ त्याच पायाच्या पलीकडच्या अंगाला होती, हाताच्या अंतरावर म्हणावं इतकी जवळ. पायाचा घेर मध्ये होता, एवढंच. कॅमेरा वाळूत आडवा पडलेला, फोकस लाइट अजून चालू. त्यांच्या योजनेत तळापर्यंत जाणं होतं म्हणूनच त्यांनी तो उचलला. डोमवर एक ओरखडा आला आहे.

नांगरदोर इतका जवळ होता हे कळल्यावर बोटीवर कुणीतरी म्हणालं की आणखी दोन मिनिटं शोधलं असतं तर सापडला असता. असता. पण एकोणिसाव्या मिनिटाला त्या दोघांकडे ही माहिती नव्हती. आणि शोध लांबवून पुढे जो वेळ गेला असता तो नेमका अपलाइनच्या गुंत्यात लागला होता. पंचविसाव्या मिनिटाला बॅग सोडायला घेतली असती आणि मग तो वेढा क्लॅम्पमध्ये अडकला असता, तर पुढचा आलेख वेगळा दिसला असता.

मग छायाचित्रं. मोठ्या पडद्यावर बघत असताना चौदाव्या मिनिटाच्या एका चित्रावर धाकटी थांबली. चित्र सुरेख आहे. पाय तिरपा वर गेलेला, ॲनिमोनी पांढऱ्या शुभ्र, मध्ये ती दिवा धरून, मान किंचित वर. उजव्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या पाठीमागे, एक बारीक पांढरी रेष फाटक्या पत्र्याच्या कडेवरून जाते. तिच्या रिळाचा दोर. ताणलेला, आणि कडेवर जिथे टेकतो तिथे केसाळ झालेला. ती जरा वर-खाली झाली की दोर त्या धारेवर घासत होता. काकांनी तो क्षण टिपला. त्यांचं लक्ष पायाच्या कडेवर आणि तिच्या दिव्यावर होतं. तिचं लक्ष काकांच्या हाताच्या खुणेवर.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याखालच्या छायाचित्रणाबद्दल बोलताना आपण नेहमी छायाचित्रकाराचं लक्ष विचलित होतं एवढंच म्हणतो. म्हणून जोडीदाराने सावध राहायचं, असं शिकवलं जातं. या प्रकरणाने मला पटवलं की हे अपुरं आहे. चित्रात माणूस हवा असेल तर त्या माणसाचंही लक्ष चित्रात जातं. त्याला कॅमेऱ्याकडे तोंड करावं लागतं, म्हणजे परतीच्या वाटेकडे पाठ. धाकटीने दिवा आणि रीळ दोन्ही घेतलं तेव्हा हातांचा हिशेब बरोबर होता. नजरेचा हिशेब कुणी केलाच नव्हता.

यावर उपाय एकच दिसतो : माणसासह चित्र घ्यायचं असेल तर तिघांनी उतरायचं. एक कॅमेऱ्यामागे, एक चित्रात, आणि तिसरा दोरावर. तिसऱ्याने चित्राकडे बघायचंही नाही. तिसरा मिळत नसेल तर चित्रात माणूस नको. आकार दाखवायला पायाच्या बुंध्याशी एक छोटा दिवा ठेवला तरी पुष्कळ होतं. काकांना हे मान्य नाही. दिव्याने उजेड कळतो, उंची कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि छायाचित्र म्हणून ते खरं आहे.

रीळ लावताना प्रत्येक वळणावर दोराला एक पक्का वेढा द्यायला हवा होता. तिने साखळीला गाठ मारली आणि पुढे दोर मोकळा सोडला, कारण अंतर थोडं होतं. जहाजाच्या कठड्यांवर हे चालून जातं. फाटलेल्या पत्र्यांच्या ढिगाऱ्यावर अंतर थोडं असलं तरी धार तीच असते. हे तिने स्वतःच आपल्या टिपणात पहिल्या क्रमांकावर लिहिलं आहे.

दिवा नांगरदोरावर न लावता साखळीवर, रचनेला टेकून लावायला हवा, म्हणजे बोट वळली तरी तो हलणार नाही. आता आम्ही दोन लावतो, एक वर आणि एक साखळीच्या पहिल्या वेढ्यापाशी. प्रवाह बदलायची वेळ आधी माहीत असते. तळाचा वेळ त्या वेळेवर पडत असेल तर आधी किंवा नंतर उतरायचं, याचाही विचार व्हायला हवा होता. त्या दिवशी पहाटे समुद्र शांत आहे एवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो.

बॅग सोडण्याआधी कॅमेरा बाजूला जायला हवा. दांडे दुमडून, स्ट्रोब आत वळवून, संच मागच्या डी-रिंगला, आणि छायाचित्रकाराने दोर सोडणाऱ्यापासून दोन हात लांब थांबायचं. हे करायला अर्धं मिनिट लागतं. काका याचा सराव आता जुन्या खाणीत पाणी भरून झालेल्या तळ्यात करतात, डोळे मिटून.

कॅमेऱ्यातली चित्रं बघून वाट शोधायच्या कल्पनेबद्दल गटात दोन मतं आहेत. मला ती हरवल्यानंतर वापरायची गोष्ट वाटत नाही. पण साखळी सोडताना मागे वळून एक छायाचित्र घ्यायचं, परतताना दृश्य कसं दिसेल ते त्या निमित्ताने दोघांनी नीट बघून ठेवायचं, ही सवय आम्ही लावून घेतली आहे. चित्र पुन्हा बघायची वेळ सहसा येत नाही. वळून बघितलेलं लक्षात राहतं. त्या दिवशी काकांनी पहिली दोन चित्रं अशीच घेतली होती, पण धाकटी तेव्हा गाठ मारत होती आणि तिने ते जाळं पाहिलंच नव्हतं.

चौदाव्या मिनिटाचं ते चित्र काकांनी मोठं छापून घेतलं. उजवा कोपरा कापावा का, असं छापणाऱ्याने विचारलं, कारण ती रेष चित्राची मांडणी बिघडवते. काकांनी कापू दिला नाही. टॉवरवर पुन्हा जायचं ठरलं आहे. तिसरा म्हणून मी उतरणार आहे, रीळ माझ्याकडे.